डावा डोळा, बुधवार

दिवसभर मी दात रंगवते.
शहापुरात, दोन खणांच्या लॅबमध्ये.
पट्टीवर पांढऱ्याचे सोळा नमुने आहेत
आणि त्यातला एकही पांढरा नाही.
निपाणीकडच्या तंबाखूवाल्या गिऱ्हाइकाला
जरा मातकटच द्यावा लागतो, नाहीतर
एकटाच दात जत्रेला निघाल्यासारखा दिसतो.

रात्री, त्याच शून्य नंबरच्या ब्रशानं, ट्रक.
शक्तिमान. पस्तिसात एक.
तळहातावर मावतो, बॉनेट उघडतं,
दारावरचा बिल्ला खसखशीएवढा.
रंग तेवढा जमत नव्हता.

हिरवा, हे काही उत्तर नव्हे.
खडेबाजारात इरण्णा डबे खाली काढतो,
एले हसिरू, गिळी हसिरू,
मी म्हणते पोपटी नको, शेवाळी नको,
बाटलीचा तर नकोच नको.
दोन्ही भाषा काउंटरवर संपतात.
मग तो झाकणात बोट बुडवून
माझ्या मनगटावर ठिपका ठेवतो:
उन्हात जाऊन बघा मॅडम.

उन्हात गेटजवळ स्कूटर लावून उभी राहिले.
कॅम्पातून तीन ट्रक आले, तीन हिरवे.
एक कोरा. एक धुतलेला.
एक जांबोटीची तांबडी धूळ खाऊन आलेला,
आणि मला खरा वाटला तो तिसरा.

शेवटी कल्लाप्पा मुचंडीकरांकडे गेले.
एकोणीस वर्षं त्यांनी हाच चालवला.
त्यांची कवळी माझ्या हातची,
म्हणून दार हक्कानं वाजवलं.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू नुकता काढलेला.
ट्रक हातात घेऊन आधी हॉर्न शोधला,
मग एक डोळा मिटला, मग दुसरा.
'उजव्यानं बघालोय तर निळसर दिसालाय गं,
कुणाचा कुणास ठाऊक.
डाव्यानं बघितला की आमचाच.'

डाव्याचं ऑपरेशन गुरुवारी होतं.

चार संध्याकाळी मी डब्या घेऊन जात राहिले.
डाव्यानं ट्रक बघायचा, उजव्यानं माझी पट्टी,
मधे नाकावर विजेच्या बिलाची घडी उभी.
पिवळा थेंबभर. अजून.
सुईच्या टोकावर तांबडा. 'अजून गं.'
काकू चहा ठेवून जायच्या,
चहाच्या रंगाबद्दलही त्यांचं दोन डोळ्यांचं भांडण.

छोट्या वस्तूला रंग जरा फिका द्यावा लागतो,
मी त्यांना समजावत होते,
मधली हवा आपण मिसळायची असते,
जेवढं अंतर तेवढा पांढरा.
तुम्ही साधारण किती लांबून बघायचात?

'लांबून?' म्हणाले, 'मी आत बसायचो.'

आतून दिसायचं फक्त बॉनेट,
आणि बाडमेरच्या पुढं त्यावरही
ग्रीस लावून वाळू फासलेली, चमकू नये म्हणून.
म्हणजे हिरवा होता तो वाळूखाली होता.
'पण होता की,' म्हणाले.

मंगळवारी रात्री ब्रश धुताना मला सुचलं:
पंचविसाव्या वर्षी यांचे दोन्ही डोळे
आजच्या उजव्यासारखेच लख्ख असणार.
तेव्हाचा तो ट्रक निळसरच असेल,
आणि हा पिवळा नंतर चढलेला,
वर्षाला एक पातळ हात, आतून.
बराच वेळ नळ तसाच चालू राहिला.

बुधवारी ते 'हां' म्हणाले.
बिलाची घडी खाली ठेवली,
दोन्ही डोळ्यांत एकच हिरवा भरला होता.
मी काही बोलले नाही.
पांढरा थेंब घातला नाही.

बाटलीवर चिठ्ठी लावली,
कंपनीचा नंबर नाही, काही नाही:
मुचंडीकर, डावा, बुधवार.

शुक्रवारी पट्टी निघाली.
सोमवारी ते स्वतःच लॅबवर आले.
ट्रक खिडकीत होता, उन्हात,
त्यांच्या कोपरापासून वीतभर.
बघितला असेल. नसेलही.
कवळी काढून माझ्या हातावर ठेवली,
म्हणाले, खालची उजवीकडं टोचालीय,
आणि दात एवढे पिवळे कधी केलीस गं?